पाण्याच्या नळीचा तुकडा

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हतं आणि आता कोळंबी सोलून सोलून बोटांची टोकं जाड झाली आहेत, त्यामुळे अक्षरही धड येत नाही. कोणाच्या हाती ही वही लागली तर चुकांबद्दल माफ करावं. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. तोंडाने सांगायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

गिरणी बंद पडल्यावर आमच्या ह्यांनी रिक्षाचा बॅज काढला. रिक्षा मालकाची. मालक अंधेरीतच, आमच्या चाळीपासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याचा नियम असा की मोठं काम निघालं तर तो करणार, किरकोळ काम चालवणाऱ्याने आपल्या खिशातून करायचं. त्यामुळे किरकोळ कामं हे घरीच करायचे, रविवारी, चाळीच्या पुढच्या मोकळ्या जागेत.

त्या रविवारी पेट्रोलची नळी बदलायची होती. रिक्षात टाकी मागे असते. टाकीखालच्या कॉकपासून इंजिनाच्या कार्बोरेटरपर्यंत वीतभर रबरी नळी जाते. ती कडक होऊन तडकली होती आणि थेंब थेंब पेट्रोल गळत होतं. बसणारे नाकाला रुमाल लावायचे. ह्यांनी कॉक बंद केला, स्क्रू-ड्रायव्हरने क्लिपा ढिल्या केल्या, पण हात काही आत जाईना. गिरणीत काम केलेला पंजा तो.

"इकडे ये गो. तुझी बोटं बारीक आहेत."

मी हात घातला. नळी जागच्या जागी चिकटून बसली होती. आधी पिळली, मग ओढली, तेव्हा कुठे निघाली. आतलं उरलेलं पेट्रोल माझ्या मनगटावरून खाली ॲल्युमिनियमच्या वाडग्यात पडलं. थंडगार लागलं. ह्यांनी ती जुनी नळी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"नाक्यावर स्पेअर पार्टवाल्याकडे जा. हा तुकडा दाखव, म्हण एवढीच रबरी नळी द्या. मी इथून हलत नाही. पेट्रोल उघडं आहे, कोणीतरी बिडी पेटवून येईल."

दुकान उघडं होतं. फळीला टेकून चार-पाच रिक्षावाले चहा पीत उभे होते. मी पायरीखाली थांबले, ते हटतील म्हणून वाट बघितली. कोणी हटलं नाही. दुकानदार म्हणाला, "क्या मंगता बाई? जल्दी बोलो."

मी कागद पुढे केला, पण शब्द फुटेना. पार्टाचं नाव कसं घ्यायचं, बायका असलं काही मागतात का, हेच डोक्यात. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "काय वहिनी, उद्यापासून तुम्ही मारणार का धंदा?" दुसरा म्हणाला, "मग आपली वाट लागली रे! सगळी लेडीज पॅसेंजर ह्यांच्याकडे." सगळे हसले. वाईट हसले असंही नाही. चाळीतल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने त्यांना दोन शब्द सुनावले असते आणि नळी घेऊन आली असती. मी कागद पदराखाली घेतला आणि मागे वळले.

घरी येऊन सांगितलं, "बंद आहे."

ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "असेल."

आमच्या दाराला पाणी भरायची प्लास्टिकची नळी टांगलेली असायची. नळ सार्वजनिक, पिंप आत, म्हणून ती प्रत्येकाच्याच दाराला असायची. ह्यांनी सुरी घेतली आणि तिचा वीतभर तुकडा कापला. मी तो बोटांनी दोन्हीकडे चढवला. रबरी नळीपेक्षा सहज गेला. क्लिपा आवळल्या, कॉक उघडला, तर पांढऱ्या नळीतून पेट्रोल खाली येताना दिसलं. हे खूश झाले.

"बघ, पेट्रोल कुठपर्यंत आलं ते कळतं. कंपनीच्या डोक्यात हे आलं नाही!"

"चालेल ना पण?"

"उद्या रबरी आणतो ना."

रिक्षा चालली, म्हणून तो उद्या आलाच नाही. पाण्याची नळी पाण्यासाठी असते. पेट्रोलने तिचं काय होतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ती पिवळी पडली, आकसली, हाडासारखी कडक झाली. तिसऱ्या आठवड्यात जुहूच्या रस्त्यावर ती कॉकवरून निसटली आणि पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं. बसलेले नवरा-बायको वेळेवर उतरले. हे उघड्या हातांनी माती टाकत राहिले. हुड, सीट, वायरिंग, मागचा सगळा भाग जळून गेला. ह्यांचा उजवा तळहात सोलला.

मालक घरी आला. मी पडद्यामागे उभी होते.

"पाण्याची नळी लावलीस? डोकं ठिकाणावर होतं का रे तुझं?"

"माझी चूक झाली, शेठ. मीच लावली. फेडतो."

साडेचार हजार ठरले. पडदा बाजूला करून बोलावं असं माझ्या मनात आलं. चूक माझी, मी नळी न आणता परत आले, एवढंच बोलायचं होतं. मी मालकासाठी चहा टाकला.

दुसरीकडची रिक्षा मिळाली. वर्षभर हे थोडे थोडे देत राहिले, जेमतेम हजार गेले. प्रत्येक वेळी पैसे नेताना चिडचिड व्हायची. घरात तेल कमी, साखर कमी. एकदा मीही वैतागले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांना टोमणा मारला. म्हटलं, "नळी कापताना अक्कल कुठे ठेवली होती?"

हे शांतपणे म्हणाले, "त्या दुकानाला सुट्टी गुरुवारी असते. नाक्यावर रोज उभा राहतो मी. मला माहीत नाही होय?"

मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही बोललात? स्वतः का नाही गेलात?"

"तू खोटं बोललीस, त्याचा राग आला. म्हटलं, राहू दे, हिच्या पाण्याच्या नळीचाच तुकडा कापतो."

म्हणजे रागाने कापली होती. मी लाजेने परत आले आणि ह्यांनी रागाने कापली. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत ती नळी बसवत होतो आणि वरून हसतही होतो.

"आता राहिलेलं तू फेड," हे म्हणाले. तेव्हा वाटलं, भांडणात बोलले असतील. पण पुढच्या महिन्यात ह्यांनी पैसे दिले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मग मी वर्सोव्याला कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जायला लागले. सकाळी पाणी भरून, भाकऱ्या करून चालत जायचं. बर्फातली कोळंबी, बादलीवर पैसे. पहिल्या आठवड्यात बोटं कुजली, तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवायची. ह्यांनी ती बोटं बघितली. माझ्याच हाताचं जेवत होते, दिसणारच. एकदाच म्हणाले, "वास येतो गो. आंघोळ करून वाढ." मी आंघोळ करून वाढलं.

तीन वर्षं आणि वर काही महिने गेले. पैसे मालकाकडे पोचवायचे ते मात्र हेच. बाई कशी जाणार, म्हणून. शेवटचे दोनशे मी ह्यांच्या हातात दिले नाहीत. स्वतः गेले.

मालकाने नोटा घेतल्या आणि जरा लांब धरल्या.

"मासळीचा वास येतोय. नवरा कोळणींच्या फेऱ्या मारतो काय हल्ली?"

"माझे आहेत," मी म्हटलं. "पहिले हजार ह्यांचे. नंतरचे सगळे माझे."

त्याने माझ्याकडे बघितलं. बायकोला आतून वही आणायला सांगितली. वहीत ह्यांचंच नाव होतं, ते तसंच राहिलं. त्याखाली त्याने लिहिलं, पूर्ण मिळाले. मी ते उभ्यानेच वाचलं. तेवढं वाचता येतं मला.