एनिमेच्या वादात रेवाने हात वर केला

मंडळी, आज दुपारपासून माझी छाती अभिमानाने फुगली आहे, म्हणून सांगूनच टाकते.

माझी धाकटी बहीण रेवा जन्मापासून ऐकू शकत नाही. पण ती एनिमेची, म्हणजे जपानी कार्टून मालिकांची, जबरदस्त फॅन आहे, सबटायटल वाचत सगळं बघते. आज तिला धारहून देवासला एनिमेवाल्यांच्या बैठकीला घेऊन गेले. तिची ही पहिलीच वेळ.

तिथे सगळ्यांनी पाहिलेल्या एका मालिकेवरून वाद रंगला होता: मूळ जपानी आवाज चांगले की हिंदी डबिंग? एक मुलगा आमच्या माळव्याकडच्या हिंदीत म्हणाला, "अरे भिया, आवाज ही निकाल दो तो एनिमे में बचा क्या?"

हे मी रेवाला खुणांनी सांगितलं. वाटलं, हिरमुसेल. तिने सरळ हात वर केला. ती खुणा करत गेली आणि मी मोठ्याने सांगत गेले, "या मालिकेच्या शेवटच्या एपिसोडमध्ये नायिका रडायच्या आधी स्वतःची बाही मुठीत घट्ट धरते. मला तेव्हाच कळतं. तुम्हाला ती रडल्यावर कळतं."

कुणालाच ती बाही आठवेना. मग लॅपटॉपवर तोच सीन आवाज बंद करून लावला. बाही दिसली आणि सगळे ओरडलेच!

तो मुलगा रेवाशेजारी येऊन बसला. मोबाइलवर टाइप करून त्याने तिला दाखवलं, "दीदी, और क्या-क्या मिस किया हमने?" मग दोघांची टाइप करत अशी गट्टी जमली की माझी गरजच उरली नाही. मी आपली कचोरी खात तिच्याकडे बघत बसले.

तुम्ही कधी आवडता सीन आवाज बंद करून पाहिलाय? पाहा, आणि काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा. उत्तरं रेवा स्वतः देणार आहे.