अडचणीचा रकाना

आमच्या दवाखान्यात कोणाला रात्रपाळी कधी, हे चौदा वर्षं एकाच बाईने ठरवलं आणि तरीही तिला कोणी शिव्या घातल्या नाहीत. ती कशी होती ते एवढ्यावरून कळावं. मूळची नर्सच, पण दर महिन्याचा पाळ्यांचा तक्ता तिच्या हातचा, म्हणून सगळे तिला तक्तेबाई म्हणायचे. मी शेजारी औषधांच्या खिडकीत बसते. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत अर्धी काचेची आहे, त्यामुळे मला दिसतं बरंच आणि ऐकू येतं त्याहून जास्त.

कॉम्प्युटरवर तिची एक एक्सेलची फाइल होती. तिच्यात दोन शीटं, एक पाळ्यांचं आणि एक माणसांच्या यादीचं. यादीत प्रत्येक नावापुढे 'अडचण' म्हणून रकाना. कोणाचं बाळ अंगावर पितंय, कोणाचा नवरा अंथरुणावर आहे, हे बायका तिच्या कानात सांगायच्या आणि ती दोन शब्दांत लिहून ठेवायची. 'रात्र नको' असं लिहिलेल्या नावाला पाळ्यांचं शीट आपोआप वगळायचं. ही सगळी सूत्रं बाई रडतखडत स्वतःच शिकली होती.

स्वतःच्या नावापुढे तिने लिहिलं होतं, 'रात्र नको, आई'. तिची आई रात्री उठते, दार उघडते आणि चालू लागते. घरात तिसरं माणूस नाही. लोक म्हणायचे, कुलूप लाव बाहेरून. पण आईला कोंडायचं नाही, हा तिचा एकच हट्ट.

आता साखरेविषयी. तीही नर्सच. तोंडात कायम साखर, म्हणून हे नाव. अकरा वर्षं दोघी एका डब्यात जेवल्या. साखरेच्या नावापुढे 'रात्र नको, गुडघे' हे तक्तेबाईनेच लिहिलेलं, डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा न मागता. मला ते गुडघे जिना चढताना कधी दुखलेले दिसले नाहीत, पण ते असो.

"मला पण शिकव ना गं," साखर एकदा म्हणाली. "तू कधी आजारी पडलीस तर?" तक्तेबाईने शिकवलं. दोन महिन्यांनी पाळ्यांसाठी वेगळी, बसून काम करायची जागा निघाली. साखरेने तक्ता कॉपी करून आपल्या फाइलीत नेला, वर आपलं नाव टाकलं आणि साहेबांपुढे मांडला. "कल्पना माझी, ती नुसती नावं भरायची," असं सांगितलं. आयत्या बिळावर नागोबा! जागा साखरेला मिळाली आणि तक्तेबाई वॉर्डात परत गेली. मी चिडून दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. ती मात्र म्हणाली, "जाऊ दे हो. काम अडलं नाही ना, मग झालं."

काम अडलं, पण पुढच्या महिन्यात. दुपारी दोनला तक्तेबाईची पाळी सुटली, तसं साखरेने तिला हाक मारून आत घेतलं. "बघ ना गं, मी यादीत बदल करते, पण तक्ता जागचा हलत नाही. उघडला की लिंक अपडेट करू का म्हणून विचारतो. हो म्हटलं तरी तेच."

तक्तेबाईने एकदा पाहिलं आणि हसलीच. "तू दोन्ही शीटं एकदम नाही नेलीस. आधी पाळ्यांचं नेलंस, मग यादीचं. म्हणून हा तक्ता अजून माझ्या जुन्या फाइलीतलीच यादी वाचतोय. तुझी यादी नुसती शोभेला आहे."

मला इतकं बरं वाटलं की मी प्रिंट न्यायचं निमित्त करून आत गेले. "मग कर ना गं नीट. तुझ्याशिवाय कोणाला येतंय?" साखर पाघळली. मी डोळ्यांनी खुणावलं, करू नकोस म्हणून. पण तक्तेबाई बसली खुर्चीवर. लिंकांची खिडकी उघडली, जुन्या फाइलीच्या जागी साखरेची फाइल निवडली आणि बटण दाबलं.

पानावरची नावं हलली. रात्रीच्या ओळीत तक्तेबाईचं नाव आलं. मग पुन्हा आलं. महिन्यात सात वेळा.

तिने साखरेची यादी उघडली आणि एकेक नाव बोटाने बघत खाली गेली. सगळ्यांच्या अडचणी जागेवर होत्या. गुडघेसुद्धा. फक्त तिच्या नावापुढचा रकाना कोरा होता. महिनाभर तिला तिची जुनी यादीच सांभाळत होती आणि तो धागा तिने आत्ता स्वतःच्या हाताने सोडला होता.

"तुला बदलायचं होतं ते हेच का गं?" तिने विचारलं.

"अगं, बायका बोलायला लागल्या. मैत्रीण म्हणून सूट देते म्हणे. मी सांगणारच होते तुला."

"कधी?" मी म्हटलं. माझं तोंड गप्प बसत नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी समोर उभं राहून पाहिलं. "बाई, सेव्ह करू नका. बंद करा फाइल, राहू दे होती तशी."

"चोरून मिळालेली सूट नको मला," तक्तेबाई म्हणाली. मग साखरेकडे वळली. "मला विचारलं असतंस तर काहीतरी सोय बघितली असती गं. सगळ्यांचं लिहिलंस, माझ्या आईचंच तेवढं पुसलंस." आणि तिने सेव्ह केलं.

साखरेने घाईघाईने डबा काढला. "जेवून तरी जा. तुझ्या वाटणीचं आणलंय."

"नको," तक्तेबाई पर्स उचलत म्हणाली. "दुकान दुपारचं बंद व्हायच्या आत कुलूप घ्यायचंय. बाहेरून लावायचं."