लोकांचे कपडे आणि आमाची डाळ

आमच्या समोरच्या दारात शिवणवाली राहायची. मूळची नेपाळची. सगळा जिना तिला याच नावानं ओळखायचा, आणि हाक आली की तीही तोंडातली टाचणी काढून "आले हं" म्हणत दार उघडायची. खोली एकच. खिडकीपाशी मशीन, भिंतीवर लोकांचे कोट आणि झगे, कोपऱ्यात शेगडी आणि शेगडीच्या बाजूला खाटेवर तिची आई. तिला ती आमा म्हणायची, म्हणून आम्हीही आमाच म्हणायचो. आमाला दिसत नव्हतं.

शिवणवालीची उडदाची डाळ म्हणजे एक प्रकरणच होतं. मोहरीचं तेल धूर येईस्तोवर तापवायचं, त्यात मेथ्या काळ्या होऊ द्यायच्या आणि मग जिंबू. जिंबू म्हणजे तिकडच्या डोंगरातली वाळकी पात. दिसायला गवत, पण तेलात पडली की कांदा-लसणाचा थोरला भाऊ! आमचे हे जिन्यातच शिंकायला लागायचे. "आज डाळ आहे वाटतं," म्हणत रुमाल शोधायचे.

तो वास कापडात शिरला की काही केल्या निघायचा नाही. एकदा एका नवरीचा झगा परत आला. नवरीच्या आईनं दारातूनच तो शिवणवालीच्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "माझ्या मुलीनं लग्नात फोडणीसारखं दरवळायचं का?" झालं! गिऱ्हाइकं म्हणजे मेंढरं, एक फिरलं की सगळी फिरतात. शिवणवाली घाबरली. दोघींचं पोट त्या मशीनवर होतं.

मग तिनं वासाशी जे वैर धरलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. शेगडी गॅलरीत गेली. फोडणी लोखंडी पळीत, तीही चिमूटभर. डाळीत ओतली की लगेच झाकण, झाकणावर वरवंटा. दाराच्या फटीला ओला टॉवेल, डोक्याला फडकं. स्वयंपाकाचे कपडे वेगळे, ते गॅलरीतच टांगलेले. मागाहून व्हिनेगर घालून पाणी उकळायची. हळूहळू खोलीत नुसता इस्त्रीचा वास येऊ लागला आणि गिऱ्हाइकं परतली.

त्याच दिवसांत आमानं खाणं सोडलं. दोन घास घेऊन ताट सरकवायची. डॉक्टर झाले, औषधं झाली, गुण येईना. एका दुपारी मी बटणं लावायला दिलेला कोट आणायला गेले, तर शिवणवाली डाळभाताचा घास हातात धरून बसलेली. त्यांची बोली एव्हाना मला कळायची.

"कुणाकडचं आहे?" आमानं विचारलं.

"मीच केलंय, आमा. आत्ताच."

"खोटं बोलू नकोस. या घरात चूल पेटतच नाही. माझ्यापायी दारोदार मागून आणतेस तू." म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

शिवणवालीनं घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. जिला दिसत नाही तिला घर नाकानंच कळणार, हे आम्हा दोघींच्या एकदमच डोक्यात आलं.

"कपडे माझ्याकडे टांग," मी म्हणाले. "सगळे. आत्ता."

"अहो ताई, पण तुमची खोली..."

"माझी खोली मी बघते. तू तेल तापव."

त्या दिवसापासून डाळीआधी मशीनवरचे, भिंतीवरचे सगळे कपडे उचलून आमच्या दांडीवर यायचे. आमचे हे झग्यांच्या रांगेखालून वाकून न्हाणीत जायचे आणि "आपल्याकडे नवऱ्या राहायला आल्यात का?" म्हणून कुरकुरायचे. तिकडे शेगडी पुन्हा खाटेजवळ आली. तेल कडकडलं की आमा उठून बसायची, "मेथी जळली, मेथी!" म्हणून लेकीवर खेकसायची आणि ताट पुसून खायची. बरीच वर्षं हे असंच चाललं. ते खेकसणं आठवलं की अजून बरं वाटतं.

आमा गेली तेव्हा शिवणवाली रडली नाही. काही दिवसांनी आली आणि दांडीवरचे कपडे हातावर घ्यायला लागली.

"आता तिकडेच टांगते, ताई. किती त्रास द्यायचा तुम्हाला?"

"आणि डाळ?"

"पाव खाते मी. एकटीसाठी कोण करत बसतंय? कुणाला हवाय आता तो वास?"

"मला," मी म्हणाले.

ती एकेक झगा परत दांडीवर टांगू लागली, आणि शेवटचा टांगताना तिला जो हुंदका फुटला तो थांबेचना.