साडेतीन व्होल्टला थांबायचं

काशीमीऱ्याच्या त्या गाळ्यातला जळक्या प्लॅस्टिकचा वास माझ्या नाकातून अजून पुरता गेलेला नाही. २००० च्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी हायवेजवळच्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो.

गाळा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या एका माणसाचा होता. दुपारी तो भाईंदर पूर्वेला घरी जेवायला गेला आणि तासाभरात गाळा पेटल्याचा फोन ठाण्यात आला. कोणाला इजा झाली नाही. कॅमेरे आणि लोकांच्या लग्नांच्या कॅसेट मात्र गेल्या. आग विझल्यावर मी पंचनामा केला. कामाच्या टेबलाची एक बाजू जळून खाली बसली होती. तिथे दोन वस्तू मिळाल्या, एक फुगून फाटलेलं करपलेलं पाकीट आणि वायरी जोडलेला गाडीचा बल्ब. त्या कशाच्या, ते कळलं नाही. न कळलेली वस्तू आधी जप्त करायची, एवढ्या सवयीने मी त्या पिशवीत घालून सील केल्या.

संध्याकाळी समोरच्या गॅरेजवाल्याने खबर दिली. "साब, वो पुराना असिस्टंट है ना, आग के आधा घंटा पहले अंदर से निकला. मैंने खुद देखा."

हा असिस्टंट सव्वीस वर्षांचा, मूळचा नांदेडकडचा. ऐन सीझनमध्ये काम सोडतो म्हणून आठवड्यापूर्वीच मालकाशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. काम सोडण्याचं कारण माझ्याच टेबलावर पडलेलं होतं. त्याला सरकारी नोकरी लागली होती आणि चारित्र्य पडताळणीचा त्याचा अर्ज आमच्याकडे आला होता. शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवायचा होता. आग लागली सोमवारी. आग लावल्याचा गुन्हा त्याच्या नावावर चढला, तर नोकरी गेलीच. त्यांच्या घरात कॉलेजात गेलेला तो पहिला. आमच्या घरात मी पहिला. पण हे मनात आणायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं.

मंगळवारी सकाळी त्याला बोलावलं. त्याचा जबाब सरळ होता. कागदपत्रांच्या तपासणीसाठी मूळ मार्कशीट हवी होती, ती गाळ्याच्या ड्रॉवरमध्ये राहिली होती. मालक देणार नाही या भीतीने तो जेवणाच्या वेळी गेला, जवळच्या किल्लीने शटर उघडलं, मार्कशीट घेतली, निघाला. "आत कोणी नव्हतं साहेब. टेबलावर चार्जरचा लाल दिवा तेवढा चालू होता." मी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी त्याला हात लावला नाही. पण सहा तास तेच प्रश्न उलटसुलट विचारले. किल्ली परत का केली नाहीस? भांडणात काय म्हणालास? माणूस पूर्ण रिकामा होईपर्यंत विचारायचं, तळाला खरं सापडतं, असं मला वरिष्ठांनी शिकवलं होतं. चारच्या सुमारास त्याने मान खाली घातली.

"तुम्ही म्हणताय तर लिहा साहेब, मीच लावली. फक्त आईला कळवू नका."

आमचे हवालदार भाईंदर गावातले, अनुभवी. ते उठून कागद घेऊन आले. "झालं साहेब. कबूल केलं."

"कशाने लावलीस?" मी विचारलं.

"पेट्रोलने."

"किती आणलं होतंस? कशातून?"

तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तेवढं."

गाळ्यात पेट्रोलचा वास नव्हता. पंचनाम्यात मीच तसं नोंदवलं होतं. मी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवलं.

"साहेब, हातातला माणूस सोडताय," हवालदार म्हणाले. "मोठे साहेब इचारतील तेव्हा मी न्हाय हां."

रात्रभर बरं वाटलं नाही. सकाळी त्याचा जबाब पुन्हा वाचला आणि त्या लाल दिव्यापाशी थांबलो. मालकाला बोलावून विचारलं, चार्जरवर काय होतं?

"हेलिकॉप्टरची बॅटरी," तो म्हणाला. पूनम सागर संकुलात राहणारे एक निवृत्त इंजिनीअर रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायचे. खाली कॅमेरा बांधून ते मालकासाठी वरात वरून टिपणार होते. त्यांची बॅग गाळ्यातच होती.

"आणि तो बल्ब?"

"बॅटरी उतरवायला. पंधरा वर्षं करतोय साहेब. शूटिंगच्या लाइटची बॅटरी बल्ब विझेपर्यंत पूर्ण रिकामी करायची, मगच चार्जिंगला लावायची. नाहीतर तिची ताकद कमी होते. हीपण तशीच उतरवली. मग इंजिनीअरसाहेबांच्या चार्जरने ती घेतली नाही, म्हणून आमच्या जुन्यावर लावली आणि जेवायला गेलो." तो काही लपवत नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

इंजिनीअरकाकांना मी ते करपलेलं पाकीट दाखवलं. मालकाने काय केलं तेही सांगितलं. "बल्ब विझेपर्यंत? अहो, ही जुनी बॅटरी नव्हे, लिथियम पॉलिमर आहे. हिच्यात तीन सेल. भरला की एक सेल चार पूर्णांक दोन व्होल्ट दाखवतो. तीनच्या खाली तो कधीच जाऊ द्यायचा नाही. गेला की आतून बिघडतो, वरून कळत नाही. मग त्यात पुन्हा करंट भरला की फुगतो, कधी पेटतोही. मी साडेतीनलाच हेलिकॉप्टर खाली उतरवतो." त्यांनी बोटाएवढं एक यंत्र दुसऱ्या एका बॅटरीला लावून दाखवलं. व्होल्टेज ठरल्या पातळीला आलं की ते कर्कश वाजायचं. "हा बझर वाजला की कितीही मजा येत असू दे, थांबायचं. चार्ज मी स्वतः करीन, असं त्यांना बोललो होतो. का नको, ते सांगायला हवं होतं."

"म्हणजे आग ह्यानेच लागली?"

"लागतेच असं नाही म्हणणार मी. बघूया."

गुरुवारी सकाळी मोकळ्या मैदानात, दोन पंचांसमोर, त्यांनी स्वतःची एक बॅटरी बल्बवर पार रिकामी केली. मग ती वाळूच्या कुंडीत ठेवून तसल्याच जुन्या चार्जरला जोडली. आम्ही लांब उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही, हवालदारांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग पाकीट उशीसारखं फुगलं, धूर आला आणि हातभर ज्वाळ उठली.

"आयला," हवालदार एवढंच म्हणाले.

मालकाचा पुरवणी जबाब घेतला. त्याने तो स्वतः वाचून सही केली आणि विचारलं, "पोराला माझ्यामुळे ठाण्यात बसवलं होतं का?" मी म्हटलं, माझ्यामुळे. आग अपघाती असल्याचा अहवाल वरिष्ठांनी दोन-चार प्रश्न विचारून मान्य केला. पडताळणीच्या अर्जावर 'प्रतिकूल काही नाही' असं लिहून शुक्रवारी मी तो स्वतः नेऊन दिला. प्रयोगशाळेचा अहवाल फार नंतर आला. त्यातही पेट्रोल नव्हतं.

मालकाला मी हसू शकलो नाही. पंधरा वर्षं बरोबर ठरलेली रीत त्याने नव्या वस्तूला लावली. मी तरी वेगळं काय केलं होतं? खरं काय ते मंगळवारी सकाळीच माझ्या हातात आलं होतं, लाल दिव्याच्या त्या एका वाक्यात. त्यानंतरच्या सहा तासांत मी फक्त माणूस उतरवत होतो.

पुढे चौकशीत समोरच्याचा आवाज एका ठरावीक तऱ्हेने बारीक झाला, की मी पेन खाली ठेवायचो. हवालदार दारातून म्हणायचे, "बझर वाजला वाटतं," आणि चहा सांगायला जायचे. थांबल्यामुळे एखादा खरा गुन्हेगार हातून निसटला असेल, नाही असं मी म्हणत नाही. पण 'तुम्ही म्हणताय तर लिहा' हे वाक्य निवृत्त होईपर्यंत मला पुन्हा ऐकावं लागलं नाही.