राखेचा डबा

त्या डॉक्टरांचा मला आजही संताप येतो. त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. जुन्या जालन्यातल्या एका खाजगी दवाखान्यात मी नर्स होते. कॅन्सरच्या बायकांसाठी डॉक्टरांनी मुंबईहून रेडियम भरलेल्या बारीक सुया आणल्या होत्या; त्या काही दिवस गाठीत खुपसून ठेवायच्या. रोग्याच्या अंगातून सुया काढल्या की आधी मोजायच्या, मगच जखमेवरच्या पट्ट्या टाकायच्या, म्हणजे एखादी सुई पट्टीत अडकून जायची नाही, असा नियम. त्या दिवशी डॉक्टरांना लग्नाला जायचं होतं. "टाक जल्दी, मोजू मंग," म्हणाले. मी पट्ट्या बादलीत टाकल्या. दवाखान्यातल्या आयानं त्या नेहमीसारख्या मागच्या खड्ड्यात लाकडांवर जाळल्या.

संध्याकाळी सुई एक कमी भरली. डॉक्टरांनी सरळ आयाला चोर ठरवलं.

"बाई, म्या काय करू त्या सुईला? तुमीच सांगा की साहेबाला," ती मला म्हणाली. खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी मूग गिळून बसले आणि तिची गेली. पोलिसांनी तिचं घर उकरलं, चूलसुद्धा फोडली.

मग मुंबईहून एक माणूस यंत्र घेऊन आला. रेडियम जवळ असलं की ते टकटक वाजायचं. आयाच्या घरात ते गप्प. खड्ड्यापाशी वाजलं. दवाखान्याला लागूनच डॉक्टरांचं घर होतं, तिथल्या स्वयंपाकघरात तर जिकडंतिकडं वाजत सुटलं, नेमकी जागाच कळेना. तेव्हा त्यानं काळ्या कागदात गुंडाळलेल्या एक्स-रेच्या फिल्मा जागोजाग ठेवल्या; रेडियम जवळ असलं की फिल्म कागदातूनही काळी पडते, म्हणाला. दुसऱ्या दिवशी धुतल्या, तर मोरीतल्या राखेच्या डब्याजवळची काळीकुट्ट निघाली.

खड्ड्यातली राख डॉक्टरीणबाई भांडी घासायला मागवायच्या. अग्नीत गेलं की विटाळ उरत नाही, म्हणायच्या. आयाच्या हाताचा विटाळ मात्र त्यांना व्हायचा. तिला स्वयंपाकघराची पायरी चढू देत नसत. सुई आगीत फुटली होती, रेडियम राखेत मिसळलं होतं, आणि त्या राखेनं घासलेल्या ताटांत सगळं घर जेवत होतं.

डॉक्टरांना हे सगळं कळलं. आता तरी तिची माफी मागतील, असं मला वाटलं. कसली माफी! म्हणाले, "आयाला बोलवा. हा डबा बाहेर काढायचाय."

ती आली. पायरीखालीच उभी राहिली.

"चोराला सैपाकघरात घेता का, साहेब?" एवढंच बोलली आणि चालायला लागली.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी लांब चिमटा घेतला आणि डबा बाहेर काढला. न मोजताच टाक असं कोण म्हणालं होतं, ते तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.