कुशाबांची वजाबाकी

करी रोडच्या चाळीत कुशाबांना कुणी वेळ विचारली, तर ते घड्याळ न बघता सांगतात. उगाच नाही, चौतीस वर्षं बेस्टमध्ये टाइमकीपर होते! बस दोन मिनिटं उशिरा आली की ड्रायव्हरला चहासुद्धा सुखानं पिऊ द्यायचे नाहीत. असा हा माणूस वेळेच्याच हिशेबात चुकला, आणि चुकला तोही कधी!

त्यांची लेक आकांक्षा सिंगापूरला नर्स आहे. तिचे दिवस भरत आले होते. आईबाबांनी यावं म्हणून तिनं विमानाचं टाइमटेबल पाठवलं. मुंबईहून सकाळी साडेअकरा, सिंगापूरला संध्याकाळी साडेसात. कुशाबांनी चष्मा लावून वजाबाकी केली. आठ तास. झालं, चेहराच उतरला त्यांचा.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, कमलताईंच्या, पायात रक्ताची गाठ झाली होती. रिपोर्ट आणायला कुशाबा एकटेच गेले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा तासांहून लांबचा प्रवास नको. हे त्यांनी घरी सांगितलंच नाही. आताही सांगवेना. माझ्यामुळे राहिलं म्हणून ती झुरत बसली असती. मग हा शहाणा काय म्हणाला? "मला विमानाची भीती वाटते. जायचं नाही."

अख्खी चाळ हसली. शेजारचे बुधाजी तर रोज छळायचे, "काय कुशाबा, पायलटला विमान जरा रस्त्यानंच न्यायला सांगू काय?" कुशाबा मुकाट ऐकून घ्यायचे. लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि आई इथं भाकऱ्या थापत बसणार! कमलताईंनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं.

रविवारी सकाळी बुधाजी पुन्हा सुरू झाले, तेव्हा मात्र कुशाबा भडकले. "अरे, टाइमटेबलच भंकस आहे त्यांचं! जाताना आठ तास आणि येताना तीन? तिथून आठला सुटतं आणि अकराला इथं! असं कुठं असतं काय? आणि आठ तास हिला बसवू कसा मी?" बोलता बोलता डॉक्टरांचं सगळंच तोंडातून निघून गेलं.

कमलताईंनी गॅस बंद केला आणि बाहेर आल्या.

"अहो, मी संध्याकाळी साडेपाचला फोन करते, तेव्हा तिच्याकडे आठ वाजलेले असतात. अडीच तास पुढे त्यांचं घड्याळ! आठातून अडीच गेले, किती उरले?"

कुशाबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण बसच्या दोन्ही टोकांना घड्याळ एकच. टाइमटेबल दिसलं की त्यांची वजाबाकी आपोआप व्हायची.

"साडेपाच," ते पुटपुटले. "चार हजार किलोमीटर, आणि फक्त साडेपाच तास?"

बुधाजी हळूच सटकले. कमलताईंनी पदरानं डोळे पुसले. "पंधरा दिवस मी तुम्हाला नाही नाही ते बोलले मनात. एका शब्दानं सांगायचं तरी!"

"तू रडली असतीस."

"मग आता काय हसतेय मी? फोन लावा तिला."

त्यांनी लावला. पलीकडून "बाबा?" ऐकू आलं. तोच कमलताईंनी फोन ओढून घेतला.

"येतोय गं आम्ही, दोघंही. बाळाला म्हणावं, आजी येईपर्यंत दम धर."