विमानाला पहारा, माणसाला हार

तार आली तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी आले होते. ‘इंजिन बंद पडून विमान उसात उतरले. विनायक सुखरूप. काळजी नसावी.’ काळजी नसावी असं तारेने कळवलं की माणूस मिळेल ती एसटी पकडतो. विनायक माझा धाकटा भाऊ. पलूसच्या बाजूला उसावर औषध फवारणारं छोटं विमान तो चालवायचा. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी स्वारगेट गाठलं.

वाटभर त्याचंच बोलणं आठवत होतं. विमान चालवायला शिकत असताना तो माझ्या स्वयंपाकघरात बसून नियम घोकायचा. पडलं तर आधी पेट्रोल बंद करायचं आणि लांब व्हायचं. तपासनीस येईपर्यंत विमानाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. आणि कितीही धडधाकट वाटलं तरी आधी डॉक्टर गाठायचा, कारण डोक्याचा मार उशिरा कळतो. पोळ्या लाटता लाटता मलाही ते पाठ झालं होतं.

खंबाटकीच्या घाटात गाडी तापली, पाणी ओतण्यात बराच वेळ गेला. कराडला गाडी बदलली. नव्या गाडीचा कंडक्टर बोलका होता.

“पलूसजवळ कुनाकडं, ताई?”

“भावाकडे. तो विमान चालवतो.”

“इमानवाल्या सायबांची भैन व्हय तुमी? आवं, लय जिगरीचा गडी. डोकं आपटलं तरी हसतच भाईर आला. परवा आमच्या गावानं मिरवणूक काढली त्येची, काल श्येजारच्या गावानं.”

“डॉक्टरला दाखवलं का?”

“डाक्टर कशापायी? दोन्ही टायमाला चांगला जेवला की.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पुढे केलेले भडंग (तिखट मसाल्याचे कुरमुरे) मी घेतले नाहीत. बाहेर गुऱ्हाळं चालू होती, काहिलीतल्या रसाचा गोड वास गाडीत येत होता. एरवी मी उतरून गरम काकवी मागितली असती. त्या दिवशी त्या वासाचाही राग येत होता.

विमान पडलेलं शेत रस्त्यालगतच होतं, मी तिथेच उतरले. पिवळं विमान चिखलात नाक खुपसून उभं, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि पुढे काठी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ. ते सुभेदार आबा, लष्करातून निवृत्त झालेले. कुणाला हात लावू देऊ नका, असं विनायकने उतरताच त्यांना सांगितलं होतं.

“ढेकूळसुदिक हाललं न्हाई, ताई. रातध्याड पाळीनं पहारा हाय.”

“आणि विनायक?”

“त्येला गावानं डोक्यावर घेतलाय. चला, देवळाम्होरं सत्कार चाललाय.”

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी त्यांच्यामागून चालू लागले.

विनायक व्यासपीठावर बसला होता. हनुवटीपर्यंत हार, डोक्याला भला मोठा भगवा फेटा. मी पायरीशी गेले तसा तो हसला.

“ताई, कधी आलीस?”

“आत्ताच.”

कुणीतरी त्याच्या हातात नारळ दिला. त्याने तो घेतला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. “अगं ताई, तू? कधी आलीस?”

तोच चेहरा, तेच हसू. सरपंचांचं भाषण चालूच होतं. मी वर चढले आणि दोन्ही हातांनी त्याचा फेटा उतरवला.

भर सभेत पुरुषाचा फेटा उतरवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. भाषण थांबलं. सुभेदार आबा संतापून पुढे आले. “आवं, काय क्येलं ह्ये? चारचौघांत मानसाचा फेटा…”

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या हातातल्या फेट्यावर गेली. आतल्या पदराला रक्त लागलं होतं आणि कानाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ होतं.

“म्याच बांदला,” ते हळूच म्हणाले. “घट्ट बांदा म्हनला. दुकतंय म्हनून.”

“कुठं दुखतंय, एवढं विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?” मी ओरडले. सरपंचांनी आपली जीप मागवली. आबांनी स्वतःचा पटका सोडला, घडी केली आणि जीपमध्ये विनायकच्या डोक्याखाली ठेवली.

सांगलीच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया केली. डोक्यात रक्त साकळत होतं. “उद्या आला असतात तर मला काही करता आलं नसतं,” ते म्हणाले. मी बाकावर बसून आधी रडले, मग मनातल्या मनात गावाला, कंडक्टरला आणि विनायकला शिव्या घातल्या.

परतताना त्याच्या भादरलेल्या डोक्यावर टोपी होती. मिरवणुका, हार, माझं येणं, त्याला काहीच आठवत नव्हतं. ज्याचा एवढा मान केला, त्याच्यापाशी त्यातलं काहीच उरलं नव्हतं. दरम्यान तपासनीस येऊन गेले होते आणि विमान जागच्या जागी राखल्याबद्दल त्यांनी गावाला शाबासकी दिली होती. गावच्या थांब्यावर सुभेदार आबा आले. “चुकलं, ताई,” म्हणाले. असू द्या, हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. अजूनही निघत नाहीत.

गाडी शेतावरून जाताना विनायकने खिडकीतून मान काढली. काटे तसेच होते, विमान तसंच होतं.

“बघ ताई, सगळे नियम पाळले मी.”

“एक सोडून.”

“कोणता?”

कराड येईपर्यंत मी त्याला तो घोकायला लावला.